सोलापूरचा माग हैदराबादला वाजला

सोलापूरकरांना हैदराबाद परकं नाही. पुण्यापेक्षा थोडंसंच लांब, आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक पद्मशाली विणकर घरांत आजही तेलुगूच बोलतात. म्हणूनच मित्राच्या आत्याकडे राहायची सोय झाली, नाहीतर हॉटेलचं भाडं ऐकूनच मी घरी बसलो असतो. निमित्त होतं नोव्हेंबर २०२४ मधल्या इंडिया गेम डेव्हलपर कॉन्फरन्सचं.

रात्रीची गाडी. कलबुर्गी, वाडी, तांडूर सगळं झोपेतच गेलं. लिंगमपल्लीला उतरलो. हायटेक सिटीकडे जायचं तर तिथंच उतरा, शहरात शिरून परत मागं यायचा वळसा कशाला? सॅकमध्ये आत्यांसाठी शेंगाचटणी, खिशातल्या फोनमध्ये माझा गेम.

गेम साधा आहे. यंत्रमागाच्या ठेक्यावर बोट मारायचं, आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडं जातो, हळूहळू चादरीची नक्षी उमटते. ठेका चुकला की धागा तुटला. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये केलाय, कारण ते फुकट आहे आणि माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतं. आवाज खरा आहे, मित्राच्या काकांच्या कारखान्यात रेकॉर्ड केलेला. तेव्हा काका म्हणाले होते, "काय करालास बे? ह्या खडखडाटानं आमचे कान गेले, अन् तू भरून न्यायलास?"

कॉन्फरन्समध्ये मोठ्या कंपन्यांच्या स्टॉलवर पोरांची रांग होती आणि प्रत्येकाचा एकच प्रश्न, "सर, इंटर्नशिप?" समोरचा हसून क्यूआर कोडकडे बोट दाखवायचा. रांग बघून मी काढता पाय घेतला. माझ्या मते विद्यार्थ्यानं जायचं ते छोट्या स्टुडिओंच्या टेबलांकडे. तिथं दोघं-तिघंच असतात, बोलून बोलून घसा बसलेला असतो, पण त्यांचा गेम खेळून "हा उडीचा भाग कसा जमवला?" असं विचारलं की तेच खुर्ची पुढं सरकवतात.

अशाच एका टेबलावरचा दादा पुण्याचा निघाला. मी गेमबद्दल सांगायला तोंड उघडलं तर म्हणाला, "सांगू नकोस, दे इकडं." त्यानं स्वतःचा वायरचा हेडफोन लावला. ब्लूटूथवर आवाज उशिरा पोचतो, ठेक्याचा गेम तपासायचा तर वायरच पाहिजे म्हणे. तो खेळत होता आणि मी त्याच्या अंगठ्याकडे बघत होतो. पहिलं मिनिट झकास, मग धागे तुटायला लागले. माझ्या फोनवर असं कधीच होत नव्हतं, कारण चुकीच्या ठेक्याची माझ्या बोटाला सवय झालेली!

"वेळ कशावरून मोजतोस? फ्रेमवरून?"

"हो, पडद्यावर चित्र किती वेळा बदललं त्यावरून."

"म्हणून घसरतंय. वाजणाऱ्या आवाजाच्या जागेवरून मोज, आणि सुरुवातीला प्रत्येकाला आपापला फोन जुळवून घेता येईल असा एक स्क्रीन टाक."

कॉलेजात एवढं कुणी दोन वाक्यांत सांगितलं नव्हतं.

मग गाडी मागावर आली. चादरीची नक्षी जॅकार्ड मागावर निघते आणि तिथं भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठरवतात कुठला धागा उचलायचा, हे मी सांगितलं तसा तो ताठ बसला. १८०४ चा तो फ्रेंच माग, त्याच्या पट्ट्यांची कल्पना बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी घेतलेली, हे त्याला पुस्तकातून ठाऊक होतं. पण ती पट्टी हातात धरलेला माणूस पहिल्यांदाच भेटला होता. शेजारच्या टेबलावरची ताईही उठून आली. "मग नक्षी खेळणाऱ्यालाच पाडू दे की भोकं पाडून," ती म्हणाली. तिथंच पाकिटाच्या पाठीवर आम्ही चौकटी काढल्या. दुपारचं व्याख्यान बुडालं, बुडू दे.

तीन दिवसांत कार्डं बरीच जमली, उत्तरं मोजक्यांची आली. दादानं मात्र स्वतःहून आधी मेसेज केला: जॅकार्डच्या पट्टीचा फोटो पाठव. काकांकडून काढून पाठवला, आणि आता ओळख झालीच आहे म्हणून विचारून टाकलं, तुमच्याकडे इंटर्नशिप असते का?

उत्तर आलं, "आधी तो स्क्रीन टाक, मग मे महिन्यात विचार."