आई, बूशाँ आणि उकड

आई सहा महिन्यांसाठी कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला माझ्याकडे आली तेव्हाच मी ठरवलं होतं, तिला एकदा इथल्या नावाजलेल्या शेफच्या, थॉमस केलरच्या, स्वयंपाकघरातलं जेवण खाऊ घालायचं. आईनं सदाशिव पेठेत २२ वर्षं खानावळ चालवली. दोन्ही वेळची मिळून ६० पानं, शिवाय डबे. मेंबर बहुतेक स्पर्धा परीक्षेची मुलं, आणि त्यांच्या खाड्यांचा हिशोब भिंतीवरच्या कॅलेंडरवर. तिला बाहेर जेवायला नेलं की तिचं लक्ष आधी कामाकडे जातं. पोळी कधी लाटलीय, उसळीत सोडा पडलाय का, ताटाची कड पुसलीय का. म्हणूनच मला तिला तिथं न्यायचं होतं.

केलरचं नाव झालं ते नापा खोऱ्यातल्या यूंटव्हिलच्या ‘फ्रेंच लाँड्री’ या रेस्टॉरंटमुळे. ते त्यानं १९९४ मध्ये विकत घेतलं. तिथं एकामागून एक ठरलेले पदार्थ येतात आणि जेवण तासन् तास चालतं. आईच्या गुडघ्यांना ते झेपणारं नव्हतं आणि माझ्या खिशालाही जड होतं. पण त्याच रस्त्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर, त्याचं ‘बूशाँ’ आहे. १९९८ पासून चालू असलेलं बिस्त्रो, म्हणजे साध्या फ्रेंच जेवणाचं छोटं हॉटेल. इथं आपल्याला हवं ते मागवायचं आणि तासा-दीड तासात उठायचं. फ्रान्समधल्या ल्यों शहरात बूशाँ म्हणतात ते छोट्या, घरगुती जेवणाच्या जागांना. तिथल्या रेशीम कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळींतून त्या आल्या. गिरणगावातल्या बायकांनी गिरणी कामगारांना जेवू घातलं, तसंच. हे सांगितल्यावर आई म्हणाली, “मग आपलीच माणसं की.”

शनिवार-रविवारी टेबल मिळणं कठीण, म्हणून तीन आठवडे आधी बुधवारची दुपारी साडेबाराची वेळ घेतली. गुरुवार नको होता, आईचा उपास असतो. इथं एक गोष्ट सांगते, कारण आपल्यातल्या पुष्कळांना ती लागेल. बुकिंग करताना नुसतं ‘व्हेजिटेरियन’ लिहून थांबू नका. फ्रेंच स्वयंपाकात बऱ्याच सूप आणि सॉसचा पाया हाडांच्या रश्श्याचा असतो. कांद्याचं सूप नावाला कांद्याचं, पण बहुतेक ठिकाणी ते गाईच्या हाडांच्या पाण्यात शिजतं. मी स्पष्ट लिहिलं, अंडं आणि चीज चालेल, मांस-मासे नाहीत, मांसाचं पाणीही नको. आदल्या दिवशी फोन करून तेच परत सांगितलं.

सप्टेंबर संपत आला होता, द्राक्षांची तोडणी चालू होती. ६८० नंबरच्या हायवेवरून बेनिशियाचा पूल ओलांडून पुढे २९ नंबरचा रस्ता धरला की दोन्ही बाजूंना मळेच मळे. आईला नाशिककडची मामाची बाग आठवली. यूंटव्हिल जेमतेम तीन-साडेतीन हजार वस्तीचं गाव, गाडी लावायला त्रास झाला नाही.

आत बसल्यावर पहिली गंमत म्हणजे मेन्यू. खाकी कागदावर छापलेला, नॅपकिनभोवती गुंडाळलेला. मग पाव आला. तो थेट टेबलावरच्या कागदावर ठेवला. लांबट पाव, दोन्ही बाजूंना टोकदार तुकडे फुटलेले. मी म्हटलं, याला एपी म्हणतात. आईनं तो उचलून उलटसुलट पाहिला. “ओंबी आहे ही, गव्हाची.” एपीचा अर्थ तोच. कात्रीनं कणकेला तिरके काप देऊन एकेक दाणा उजवी-डावीकडे वळवतात. पाव शेजारच्याच त्यांच्या बेकरीतला, ती २००३ मध्ये सुरू झाली. आईनं एक तुकडा मोडून कानाशी नेला, कवच कसं वाजतं ते ऐकलं आणि खाल्ला. मग दुसरा घेतला.

तिच्यासाठी बीटाचं सॅलड आणि पॅरिस पद्धतीचे न्योकी सांगितले, माझ्यासाठी भाजलेली कोंबडी. ही कोंबडी केलरची खासियत. मिठाच्या पाण्यात मुरवायची, मग पूर्ण कोरडी करायची, पाय दोऱ्यानं बांधून मोठ्या आचेवर भाजायची. कातडी कुरकुरीत आणि आत रस तसाच. मीठ हाडापर्यंत पोचलेलं. त्याबद्दल आणखी लिहू शकते, पण त्या दुपारी महत्त्वाचं ताट आईचं होतं.

न्योकी म्हणजे उकळत्या पाण्यात शिजवलेले पिठाचे छोटे गोळे; नाव घेतलं की आठवतात ते बटाट्याचे, इटालियन. हे तसले नव्हते. आईनं वाढप्याला, म्हणजे माझ्यामार्फत, विचारलं की हे कशाचे? त्यानं नीट उभं राहून सांगितलं. पाणी, लोणी, मीठ उकळायचं, त्यात एकदम मैदा टाकायचा, भांड्याला सुटेपर्यंत आचेवर घोटायचा. मग खाली उतरवून एकेक अंडं, मोहरीची पेस्ट, चीज, बारीक चिरलेली हिरवी पानं. पिशवीत भरून उकळत्या पाण्यावर धरायची आणि सुरीनं तुकडे कापत सोडायचे. शेवटी लोण्यात परतायचे.

मी अर्धं भाषांतर केलं असेल-नसेल, आई म्हणाली, “अगं, उकड आहे ही.”

मोदकाची उकड ती दर गणपतीला काढते. पाणी, तूप, मीठ, पिठी, एक वाफ. मी कितीतरी वर्षं ही फ्रेंच कृती वाचत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. मग तिनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, “बेरीचा वास आहे.” तोही बरोबर. लोणी तांबूस होईतो कढवलं होतं, म्हणजे तळाशी लालसर बसते ती बेरी, न गाळता तशीच घातलेली. न्योकीसोबतच्या भाज्या वेगवेगळ्या शिजवून शेवटी एकत्र केल्या होत्या, प्रत्येकीची चव सुटी. आईनं बशीला खालून हात लावून पाहिला. बशी गरम होती. “साठ पानांना हे करायचं म्हणजे किती हात लागतील,” ती स्वतःशीच बोलली.

गोडाला प्रोफितरोल घेतले, आत व्हॅनिला आइस्क्रीम, वरून गरम चॉकलेट. हेही त्याच उकडीचे, फक्त भट्टीत फुगवलेले. आईनं ते स्वतःच ओळखलं.

बिल येण्याआधी तिनं विचारायला लावलं, “आत काम करणारी पोरं काय जेवतात?” वाढपी हसला. सगळे कामाआधी एकत्र जेवतात, म्हणाला. तेव्हा मी तिला केलरची गोष्ट सांगितली. १९७७ च्या उन्हाळ्यात ऱ्होड आयलंडच्या एका क्लबात रोलाँ एनाँ या फ्रेंच शेफनं त्याला कामावर घेतलं ते पाहुण्यांसाठी नाही, नोकरमाणसांचं जेवण रांधायला. स्वयंपाक म्हणजे दुसऱ्याला जेवू घालणं हे तिथं कळलं, असं केलर आजही सांगतो. आई काहीच बोलली नाही. तिनं खाकी मेन्यूची घडी केली आणि पर्समध्ये ठेवली. मी बिल दिलं, वर २० टक्के टिप ठेवली. इथं तेवढी धरूनच निघावं.

बाहेर पडल्यावर फ्रेंच लाँड्रीसमोरच्या त्यांच्या भाजीच्या मळ्यात गेलो. तिथं कुणालाही फिरता येतं. आई वाफ्यांमधून अर्धा तास हिंडली, कुठं ठिबक आहे, कुठं आच्छादन घातलंय ते पाहत.

पुढच्या रविवारी तिनं माझ्या ओट्यावर न्योकी केले. तसली पिशवी नव्हती, साध्या प्लास्टिकच्या पिशवीचं टोक कापलं. अंड्यांनी पीठ सैल झालं, पहिला घाणा पाण्यात विरघळला. दुसऱ्या वेळी उकड जास्त घोटली, एक अंडं कमी केलं आणि लोण्याऐवजी बेरीसकट तूप, वर कढीपत्ता. ते टिकले. मेन्यूच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय, दोन वाट्या मैद्याला किती अंडी.