३०० चा प्लॅन आणि ९४ वर अडलेली वायर

हॉलमधला राउटर आणि मागची खोली यांच्यात दोन जाड भिंती. बायकोचं ऑफिसचं काम त्या खोलीतून चालतं आणि ऐन मीटिंगमध्ये वाय-फाय तुटायचं. म्हणून जवळच्या दुकानातून नेटची कॅट-६ प्रतीची वायर आणली, टेलिफोनच्या जुन्या पाइपातून ओढली, दोन्ही टोकांना कनेक्टर लावले. एका रविवारचं काम.

प्लॅन ३०० एमबीपीएसचा, वायरीवर स्पीड ९४. सकाळी ९४, रात्री बारालाही ९४. कस्टमर केअरचं एकच पालुपद, "सर, राउटर रिस्टार्ट करा." केला. रिसेटही केला. चौथ्या दिवशी नेट कंपनीचा मुलगा आला, राउटरशेजारी उभं राहून मोबाइलवर २९० दाखवले आणि "आमच्याकडून ओके आहे" म्हणून गेला. संध्याकाळी तक्रार बंद झाल्याचा मेसेज. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मी त्याला मागच्या खोलीत नेलं, तर म्हणाला, "घरातली वायर आमच्याकडे येत नाही, काका." मान्य. मग हे पहिल्याच फोनवर का नाही सांगितलं? पंधरा दिवस गेले माझे. रोज हे काम करणाऱ्यांना ९४ ऐकताच कळायला हवं होतं.

कारण तो आकडाच सगळं सांगतो. वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० एमबीपीएसला दोन जोड्या पुरतात, १००० ला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटली तरी नेट बंद पडत नाही, मुकाट्याने १०० वर उतरतं आणि हातात येतात ९४-९५. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड, म्हणजे लॅपटॉप आणि राउटर यांच्यातल्या जोडणीचा वेग, बघा. तिथे १०० दिसलं तर आधी वायर आणि कनेक्टर तपासा, लॅपटॉप किंवा राउटरचं पोर्टच १०० चं नाही ना तेही बघा, मग फोन करा.

मी कनेक्टर बदलला, लिंक १००० झाली. दोन दिवसांनी परत १००. तेव्हा एक तार ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरी चकाकी! तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. कनेक्टरपाशी जरा वाकलं की तुटायचं. वेष्टनावर 'कॅट-६' ठळक आणि कोपऱ्यात बारीक 'सीसीए' (कॉपर क्लॅड अ‍ॅल्युमिनियम) छापलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. दुकानदार म्हणाला, "सगळे हीच नेतात." पैसे परत दिले नाहीत.

मग पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत जाऊन पूर्ण तांब्याची घेतली, बिलावर तसं लिहून घेतलं आणि दुकानातच टोक खरवडून पाहिलं. तुम्हीही पाहा, लाजू नका. कॅट-५ई की कॅट-६ यात फार अडकू नका. १००० एमबीपीएस दोन्हीवर १०० मीटरपर्यंत चालतं. भिंतीतून न्यायची असेल तर मात्र अख्ख्या तारेची घ्या, अनेक बारीक तारांची मऊ वायर टेबलाजवळ ठीक. कॅट-७, कॅट-८ घरात कशाला हवी?

आणि हो, विजेच्या पाइपातून नेटची वायर नेऊ नका. जुनी वायर आधी उपसून टाकू नका, तिच्याच टोकाला नवी चिकटपट्टीने घट्ट बांधून दुसरीकडून सावकाश ओढा. माझी दहा मिनिटांत आली. बाहेर दोन वीत जास्तीची ठेवा, कनेक्टर पुन्हा लावायची वेळ आली तर उपयोगी पडते.