आमची वाटचाल : चुरी संत्र्याचं सरबत

वरूड तालुक्यात संत्र्याची तोड झाली की मोठं फळ बाजाराला जातं आणि चुरी, म्हणजे बारीक फळ, मागे उरतं. व्यापारी ते मातीमोल भावाने मागतो. चवीत मात्र त्याची काहीच खोट नसते. आजोबांना हे सहन होईना, म्हणून त्यांनी घरच्या ओसरीवर चुरीचं सरबत करायला घेतलं. आज तिसरी पिढी तेच करते आहे.

नागपुरी संत्र्याचा ताजा रस गोड लागतो, पण ठेवला की काही तासांत कडू पडतो. बियांत आणि फोडींच्या पडद्यांत असलेल्या एका घटकापासून रसाच्या आंबटपणामुळे हळूहळू लिमोनिन हा कडू पदार्थ तयार होतो. आच लागली तर आणखी लवकर. आजीला लिमोनिन हे नाव ठाऊक नव्हतं, पण कामावर आलेल्या प्रत्येक नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी बजावायची, "बी चेंदली का रस कडू होते, बाई!"

म्हणून आमच्याकडे अख्खं फळ कधीच यंत्रात जात नाही. बाया हाताने सोलतात, पांढऱ्या शिरा काढतात. बी फुटणार नाही इतक्याच दाबाने रस काढून तो लगेच गाळायचा. साखरेचा पाक वेगळा उकळायचा, आणि तो पूर्ण निवल्यावरच त्यात रस घालायचा. यात मजुरी जास्त जाते. पण या सोलणाऱ्या बायांचे हात हेच आमचं खरं भांडवल आहे, आणि ते मी कोणत्याही यंत्रासाठी सोडणार नाही.

वडिलांच्या काळात फळ उत्पादन आदेश, १९५५ खालचा परवाना मिळाला, पुढे एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, आला. स्क्वॅशमध्ये, म्हणजे पाणी घालून प्यायच्या अशा घट्ट सरबतात, किमान २५ टक्के रस हवा असा नियम आहे. आम्ही त्याहून जास्त घालतो. आमची बाटली ज्याच्या बगीच्यातलं फळ आहे त्याच्याही घरी जाते, आणि पाणचट सरबत त्याला पहिल्या घोटातच कळतं.

संत्र्याला वर्षात दोन बहार, म्हणजे फुलोरे, येतात. हिवाळ्याच्या शेवटी फुलणाऱ्या आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या सुमारास येतं, पावसाळ्याच्या तोंडावर फुलणाऱ्या मृगाचं फेब्रुवारीपासून पुढे. मला मृगाचंच सरबत सरस वाटतं. झाडावर पुरतं पिकलेल्या फळात कडूपणा कमी असतो, म्हणून तोडीची घाई आम्ही कधी करत नाही.

काळजी आहे ती पाण्याची. वरूड-मोर्शीचा पट्टा भूजलाच्या दृष्टीने अतिशोषित आहे, म्हणजे जमिनीत मुरतं त्याहून जास्त पाणी उपसलं जातं. बोअर खोल खोल जातात, बगीचे वाळतात. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं याचा आम्हाला फार अभिमान आहे, पण झाडच उरलं नाही तर त्याचं काय करायचं? ठिबकवर बगीचा जगवणाऱ्यांचा माल आम्ही आधी उचलतो आणि चार पैसे जास्त देतो.

यंदाचं मृगाचं सरबत तयार आहे. वरून रंग घालत नाही, त्यामुळे ते फिकट पिवळं दिसेल. गर तळाशी बसतो, बाटली हलवून घ्या. एक भाग सरबताला तीन भाग माठातलं पाणी.