एफ-टीआरचा बायपॉड: ५६० ग्रॅमवरून ३९५ वर

मागच्या नोंदीत आराखडा फक्त कागदावर होता. आता बायपॉड, म्हणजे रायफलच्या पुढच्या टोकाखालचा दोन पायांचा टेकू, रायफलला लागलाय आणि इंग्लंडमधल्या बिझलीच्या स्टिकलडाउन रेंजवर १,००० यार्डांवर चालवूनही पाहिलाय. काट्यावर ३९५ ग्रॅम भरला. आधीचा विकतचा ५६० होता.

१६५ ग्रॅमसाठी एवढा खटाटोप कशाला, असं पुण्याच्या एका .२२ रायफलवाल्या मित्रानं विचारलं. उत्तर नियमात आहे. एफ-टीआर हा लांब पल्ल्याच्या नेमबाजीतल्या एफ-क्लासचा एक गट, त्यात रायफल, दुर्बीण आणि बायपॉड मिळून ८.२५ किलोच्या वर जाता येत नाही. दुसऱ्या गटातल्या एफ-ओपनवाल्यांना १० किलो मिळतात, वर त्यांचा पुढचा भलाथोरला रेस्ट (रायफल टेकवायचा आधार) वजनात धरतही नाहीत. आमचं काडतूसही .२२३ रेमिंग्टन किंवा .३०८ विंचेस्टर, तिसरं नाही. म्हणजे वेग वाढवायचा तर लांब नळी हा सरळ मार्ग, आणि नळी म्हणजे पोलाद. तोंडाशी २४ मिमी जाडीच्या .३०८ नळीचा एक इंच ८० ग्रॅमच्या आसपास जातो. बायपॉडवर वाचवलेल्या १६५ ग्रॅममध्ये दोन इंच नळी बसते. इंचामागे सेकंदाला वीस-पंचवीस फूट धरले, तर १,००० यार्डांवर वारा गोळीला तेवढा कमी ढकलतो.

या प्रकारात नव्यानं आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये (पालथं झोपून नेमबाजी) जगज्जेतेपद मिळवलं, त्यात रायफल पट्टा आणि कोपरांवर तोलायची असते. एफ-क्लासमध्ये पट्ट्याची गरज नाही. कॅनडाच्या जॉर्ज फार्कहर्सन यांनी हा प्रकार काढला तो डोळे आणि सांधे कुरकुरू लागलेल्या नेमबाजांना खेळत ठेवण्यासाठी. एफ-टीआरमध्ये पुढे बायपॉड, मागे वाळूची पिशवी आणि वर मोठी दुर्बीण. पिशवीला स्क्रूसारखी कुठलीही यांत्रिक सोय चालत नाही. सवलत एवढी असल्यावर लक्ष्यही तसंच कडक: सगळ्यात आतलं वर्तुळ कोनाच्या अर्ध्या मिनिटाचं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), १,००० यार्डांवर जेमतेम ५ इंच.

हे अर्धं मिनिट बायपॉडपाशी किती होतं, ते एकदा मोजून पाहा. माझ्या रायफलवर बायपॉडचे पाय आणि मागची पिशवी यांत ८५ सेंटिमीटर अंतर आहे. तेवढ्यात अर्धं मिनिट म्हणजे ०.१२ मिमी. पुढचं टोक एवढं हललं की मधल्या वर्तुळाच्या एका कडेवरचा नेम दुसऱ्या कडेवर जातो. म्हणून बायपॉड जितका पुढे लावता येईल तितका चांगला. दस्त्याखाली ॲन्शुट्झ रेल (जोड बसवायची खाचेची पट्टी) आहे, .२२ वाल्यांच्या ओळखीचीच, तिच्या अगदी पुढच्या टोकाला क्लॅम्प बसवलाय.

निवड करताना तीन प्रकार समोर होते. हॅरिससारखा स्प्रिंगच्या पायांचा बायपॉड शिकारी रायफलवर उत्तम, पण इथे पाय फार जवळ पडतात. उजव्या आट्याच्या नळीतून गोळी मिनिटाला जवळपास १ लाख ९० हजार फेरे घेत निघते आणि रायफल डावीकडे कलंडायला बघते. तिला अडवायला पाय रुंद हवेत. माझे ४८ सेंटिमीटर आहेत. दुसरा प्रकार जॉयस्टिकचा. इंडोनेशियाच्या सेब लॅम्बँग यांचा जॉयपॉड बहुतेक रेंजवर दिसतो. मागे आलेल्या दांडीनं वर-खाली आणि आडवा नेम एकाच हातानं लागतो, नेमबाजाला फार सोयीचं. पण त्यासाठी सांधा मुद्दाम सैल-घट्ट यांच्या मध्ये ठेवावा लागतो, आणि मला पुढच्या टोकाला सैल असं काही नको होतं. म्हणून तिसरा प्रकार घेतला: मधोमध एक स्क्रू, त्यानं ढोबळ उंची, बारीक नेम मागची पिशवी दाबून. एम८ स्क्रूचा एक फेरा म्हणजे १.२५ मिमी, नेमात साधारण पाच मिनिटं. ढोबळ कामाला पुरे.

आता बायपॉड नेमकं करतो काय, याबद्दल. ‘हा बायपॉड धक्का पचवतो’ असं पुष्कळ ऐकू येतं. मला ते पटत नाही. .३०८ चा कमाल दाब साधारण ४,१५० बार धरा आणि त्याला नळीच्या छेदानं गुणा: रायफलला मागे ढकलणारा जोर क्षणभर दोन टनांच्या जवळ जातो. चटईवर टेकलेल्या पायांचं घर्षण जेमतेम दोन-तीन किलोंचं. ते काय रोखणार! गोळी नळीत असतानाच रायफल मागे सरकू लागते. १३ ग्रॅमची गोळी, पावणेतीन ग्रॅम दारू, सव्वाआठ किलोची रायफल. हिशोब केला तर गोळी बाहेर पडेपर्यंत रायफल सव्वा मिलिमीटर मागे गेलेली असते. त्या सव्वा मिलिमीटरमध्ये बायपॉड जवळजवळ प्रेक्षकच असतो. त्याच्या हातात एकच गोष्ट, घोडा सुटतो तेव्हा रायफल दर वेळी तंतोतंत त्याच जागी आणि त्याच ताणात टेकलेली असणं.

वजन कुठे काढायचं आणि कुठे ठेवायचं, ते यावरून ठरलं.

पायांना कार्बन फायबरची नळी घेतली: बाहेरून २० मिमी, भिंत दीड मिमी, लांबी २७ सेंटिमीटर. एका पायाचे ३६ ग्रॅम. तेवढ्याच लांबीची १२ मिमीची भरीव ॲल्युमिनियमची कांडी ८० ग्रॅमच्या पुढे जाते आणि वाकायला कितीतरी सोपी असते, कारण वाकण्याला विरोध व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो. माल बाहेरच्या कडेला असला की कमी मालात जास्त काम.

तरीही माझे पाय लवतात. वर एक किलो जास्त ठेवला की डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं काट्याचं मापक) ०.१ मिमी खाली दाखवतो, म्हणजे जवळपास ते कुप्रसिद्ध अर्धं मिनिट. पण वजन काढलं की काटा शून्यावर परत येतो. शिवाय गाल जास्त दाबला गेला तर दुर्बिणीत ते लगेच दिसतं. लवणं दिसतं आणि परततं, त्याचं मला भय नाही. भय प्लेचं, म्हणजे सांध्यातल्या ढिलेपणाचं. पायांच्या मुळाशी बिजागरीचा ६ मिमी बोल्ट साध्या ड्रिलच्या होलमध्ये होता, तेव्हा वजन काढल्यावर काटा कधी ०.०६ वर थांबायचा, कधी ०.०९ वर. मुळाशी होलमधली केसभर जागा, पण २७ सेंटिमीटर लांब पायाच्या टोकाला ती कितीतरी मोठी होऊन पोचते. आणि दुर्बिणीत यातलं काही कळत नाही, कारण तुम्ही नेम नव्यानं धरलेला असतो. रायफल सांध्याच्या कुठल्या बाजूला टेकलीय ते फक्त सांध्याला ठाऊक.

म्हणून बिजागरी काढून टाकली. ७०७५ ॲल्युमिनियमच्या मधल्या ठोकळ्यात पायासाठी भोक, त्याला एका बाजूनं चीर आणि चीर आवळणारा एक स्क्रू. होल रीमरनं साफ केलं, नळीच्या टोकात ॲल्युमिनियमची बुची चिकटवली, नाहीतर आवळताना कार्बन चिरडतो. आता पाय घडी होत नाहीत, स्क्रू सैल करून उपसून पिशवीत टाकायचे. मॅचला जाताना मिनिटभर जास्त लागतो, लागू दे. ठोकळा आणि क्लॅम्प मिळून सगळ्या वजनाच्या निम्म्याच्या जवळ जातात. त्यांना भोकं पाडून हलकं करायचा सल्ला बऱ्याच जणांनी दिला, मी तो बाजूला ठेवलाय.

तळव्यांना पातळ ॲल्युमिनियमच्या पट्ट्या, पुढे जरा वर वळवलेल्या, स्कीसारख्या. त्या नळीला समांतर नसल्या तर मागे येताना एकमेकींशी भांडतात आणि रायफल उडी मारते. उंची बदलली की पायाचा कोन बदलत नाही, कारण उंची मधल्या स्क्रूवर आहे. त्यामुळे पट्ट्या एकदा समांतर केल्या की तशाच राहतात. खाली गालिच्याचा तुकडा, रबराची बाजू गवतावर. स्टिकलडाउनवर गवत बहुधा ओलंच असतं, आणि ओल्या गालिच्यावर पट्टी वेगळी सरकते, एवढं ध्यानात ठेवा.

रेंजवर लगेच जाणवला तो फरक पुढच्या गोळीच्या तयारीत. धक्क्यानंतर रायफल सरळ मागे येते, पुढे ढकलली की क्रॉसहेअर आपल्याच लक्ष्यावर उतरतो. पूर्वी शेजारच्याच्या लक्ष्यावरून ओढून आणावा लागायचा. वारा स्थिर असताना दोन गोळ्यांतलं अंतर कमी ठेवता येणं हीच मोठी कमाई आहे. खाली-वर फैलाव आतल्या वर्तुळाच्या उंचीत बहुतांशी बसला. आडवा बसला नाही, पण वाऱ्याचं बायपॉडला काय सांगणार.

आता नळी. आधी ३० इंची नळीसह सगळं मिळून ८,२१० ग्रॅम होतं, ते ८,०४५ झालंय. ३२ इंची बसवली की ८,२०५ च्या जवळपास जाईल. उरलेले ४५ ग्रॅम मुद्दाम मोकळे ठेवणार आहे, कारण स्पर्धेतला काटा माझ्या घरच्या काट्याशी सहमत असेलच असं नाही. नवी नळी आली की पुढचं टोक जड होईल, तोल पुढे सरकेल आणि पायांवरचा भार वाढेल. तेव्हा डायल गेज लावून क्लॅम्प पुन्हा तपासायचे आहेत.