लेन्स गेली, कागद राहिले

२४ सप्टेंबर २०२३, दुपारचा दीड वाजला असेल. बार्सिलोनाच्या जुन्या वस्तीतल्या एका अरुंद गल्लीत ह्यांच्या शर्टावर मागून काहीतरी पिवळं, चिकट पडलं आणि पुढच्या अर्ध्या मिनिटात माझी कॅमेऱ्याची ७०-२०० ही लांब पल्ल्याची लेन्स गेली. त्यानंतरचे साडेतीन महिने तक्रार, भाषांतर, विम्याचा सर्व्हेअर, ईमेल यांत गेले. शेवटी बरेचसे पैसे परत मिळाले. ते कसे मिळाले आणि लेन्स मुळात गेली कशी, दोन्ही लिहिते. निघण्याआधी मला हे कुणीतरी सांगायला हवं होतं, असं फार वाटलं.

आम्ही नाशिकचे. मी बँकेत नोकरी करते आणि सुट्टीच्या दिवशी फोटो काढते. गेली बारा वर्षं दहीहंडी चुकवलेली नाही. माझी भाची बार्सिलोनात मास्टर्स करत होती. तिने एकदा व्हिडिओ कॉलवर कास्टेल दाखवले. कास्टेल म्हणजे तिकडचे मानवी मनोरे. पांढरी विजार, कमरेला घट्ट गुंडाळलेला काळा पट्टा, खाली शेकडो लोकांची गच्च वीण आणि सगळ्यात वर एक चिमुरडं पोर. ते वर पोचून हात उंचावतं तेव्हा मनोरा रचून झाला असं मानतात. युनेस्कोने २०१० साली या परंपरेची वारसा म्हणून नोंद केली आहे. २४ सप्टेंबरच्या आसपास शहराचा मोठा उत्सव असतो, ला मेर्से, आणि त्यात सान जाउमे चौकात कास्टेल रचतात. दहीहंडी ७ तारखेला झाली होती. सतरा दिवसांच्या अंतराने दोन्ही मनोरे टिपायचे, हे मी मनाशी पक्कं केलं. त्या वरच्या पोराचा चेहरा हवा तर लांब लेन्स लागणार, म्हणून ती सोबत घेतली.

निघण्याआधी मी तीन गोष्टी केल्या होत्या, त्यांतल्या दोन केवळ ओळखीच्या एका लग्नाच्या फोटोग्राफरने बजावलं म्हणून.

पहिली, विमा. शेंगेन व्हिसासाठी ३०,००० युरोंचा प्रवास विमा लागतो. आम्ही तो काढला आणि मला वाटलं झालं काम. ते दादा म्हणाले, "ताई, पॉलिसी नीट वाचा." वाचली. तो विमा आजारपणाचा. सामानाच्या कलमात विमान कंपनीकडे सोपवलेली बॅग हरवली तर अमुक इतके पैसे, आणि खाली बारीक अक्षरात कॅमेरा वगळलेला. मग मी कॅमेऱ्याची बॉडी आणि दोन लेन्सवर वेगळी ऑल रिस्क पॉलिसी, म्हणजे चोरी-मोडतोड धरून असणारी, काढली. त्यातही मेख होती. ती फक्त भारतापुरती होती. जगभरासाठीची जोड वेगळे पैसे भरून मागून घ्यावी लागली. ती मागितली नसती तर पुढे पैसे मिळालेच नसते.

दुसरी, कस्टम्सचा दाखला. परदेशातून येताना तुमच्याकडचा महागडा कॅमेरा तिकडे विकत घेतलेला नाही हे दाखवायचं असेल, तर जातानाच विमानतळावर कस्टम्सच्या काउंटरवर वस्तू आणि बिलं दाखवून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं. त्या वेळी परतताना ५०,००० रुपयांपर्यंतच्या सामानावरच शुल्क माफ होतं, त्यामुळे हा कागद कामाचा. मुंबईला आम्ही तासभर आधी पोचलो. अधिकाऱ्याने लेन्स हातात घेऊन तिच्यावरचा क्रमांक स्वतः वाचला, कागदावरच्या क्रमांकाशी ताडला, सही-शिक्का केला. हे सगळं मी शुल्कासाठी करत होते. त्या कागदाचा खरा उपयोग दुसरीकडेच झाला.

तिसरी साधी. सगळ्या वस्तूंचे सिरियल नंबर, बिलांचे फोटो आणि पॉलिसी मी स्वतःला ईमेल करून ठेवली. सामान अर्थातच केबिनमध्ये. सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत.

भाचीने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, बसलीस की बॅगेचा पट्टा पायात अडकव. उभी असलीस की बॅग पुढे." पाळलं. मेट्रोत, बाजारात, रांब्लाच्या गजबजलेल्या रस्त्यावर, सगळीकडे बॅग पोटावर. त्या दिवशी चौकात तर इतकी दाटी की हात खाली घेता येईना, पण तिथे काही झालं नाही. पावणेएकला एक पोर, असेल सहा-सात वर्षांचं, डोक्यावर हेल्मेट, आठव्या थरावर चढलं आणि क्षणभर हात वर करून लगेच घसरत खाली आलं. तो हात मला मिळाला. बोटं फाकलेली, मागे फक्त आकाश. गर्दीतून बाहेर पडले तेव्हा डोळे भरून आले होते. बॉडीला छोटी २४-७० लावून ती गळ्यात अडकवली, लांब लेन्स बॅगेत ठेवली आणि बॅग एका खांद्यावर घेतली. इथे मी ढिली पडले.

गल्लीत शिरलो आणि एक माणूस आमच्यामागून पुढे आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा शर्ट. ह्यांच्या पाठीकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाला, वर गॅलरीकडे बघून मान हलवली. ह्यांच्या खांद्यापासून पाठीवर मोहरीच्या चटणीसारखा ओघळ, वासही तसाच आंबट. त्याने कागदी रुमाल पुढे केले. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली होती, झाकण आधीच काढलेलं. ही झाकणाची गोष्ट मला रात्री झोपताना आठवली. तेव्हा फक्त वाटलं, किती भला माणूस. मी बॅग दोन पायांच्या मध्ये ठेवली, रुमाल घेतला आणि पाठ पुसायला एक पाऊल पुढे टाकलं. एकच. मागे वळले तर फरशी रिकामी. तो भला माणूसही नव्हता. बॅग कोण घेऊन गेलं ते आम्ही कुणीच पाहिलं नाही.

गळ्यातली बॉडी वाचली आणि तिच्यात दोन्ही मेमरी कार्डं होती, त्यामुळे सकाळचे सगळे फोटो शाबूत राहिले. गेली ती लेन्स, दोन बॅटऱ्या, एक फिल्टर. बॅटऱ्यांचं काही नाही. ती लेन्स मी दोन वर्षं हप्ते भरून घेतली होती.

भाचीने वेळ घालवला नाही. नोउ दे ला रांब्ला रस्त्यावर कातालोनियाच्या पोलिसांचं, मोसोसचं, ठाणं आहे. तिथे गेलो. सुट्टीचा दिवस, पुढे आठ-दहा जण, जवळजवळ सगळे परदेशी. पावणेदोन तासांनी नंबर लागला. तरुण पोलीस बाई होत्या, इंग्रजी छान बोलत होत्या आणि त्यांनी घाई अजिबात केली नाही. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, जबरदस्ती झाली का, कुणी ढकललं, ओढलं का? भाचीने मला बाजूला समजावलं. स्पॅनिश कायद्यात 'उर्तो' वेगळं आणि 'रोबो' वेगळं. न कळत, बळ न वापरता उचललं तर उर्तो. मारहाण, धमकी किंवा फोडाफोडी असेल तर रोबो. वस्तू ४०० युरोंपेक्षा जास्त किमतीची असेल तर उर्तोही मोठा गुन्हा धरतात. पुढच्या बाकावरचा एक प्रवासी त्याच्या मित्राला सांगत होता की रोबो लिहून घे, विमा लवकर मिळतो. मी क्षणभर विचारात पडले, हे कबूल करते. पण घडलं तेच सांगितलं: बॅग पायांत होती, मी एक पाऊल पुढे गेले, अर्धं मिनिट.

मग क्रमांक विचारला. फोनवर ईमेल उघडून वाचून दाखवला. बाईंनी मान वर करून पाहिलं, म्हणाल्या, बहुतेकांकडे हा नसतो. क्रमांक असला की वस्तू चोरीच्या यादीत नेमकी नोंदवता येते. नसला तर 'काळी लेन्स' एवढंच लिहिता येतं. तक्रारीची छापील प्रत मी भाचीकडून शब्दन् शब्द वाचून घेतली. क्रमांकात एक आकडा चुकला होता, तो तिथेच दुरुस्त केला, प्रत्येक पानावर शिक्का घेतला. विमा कंपनीला त्याच संध्याकाळी ईमेलने कळवलं.

पुढचे दोन दिवस मी कॅमेरा बाहेर काढला नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनीच तो माझ्या गळ्यात घातला आणि आम्ही दुपारी उशिरा साग्रादा फामिलिया चर्चमध्ये गेलो. पश्चिमेच्या काचांतून तांबडा-नारिंगी उजेड खांबांवर उतरतो तेव्हा छोटी लेन्सच लागते.

भारतात आल्यावर खरी लढाई. कंपनीने आधी तक्रारीचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर मागितलं. स्पेनमध्ये त्यासाठी शपथबद्ध भाषांतरकार असतात. भाचीने एकाकडून करून पाठवलं. मग दावा तपासणाऱ्या सर्व्हेअरचे दोन प्रश्न आले. एक, लेन्स खरंच तुमच्यासोबत स्पेनमध्ये होती याला पुरावा काय? बिल असलं तरी लेन्स नाशिकच्या कपाटात असू शकते. तेव्हा तो कस्टम्सचा दाखला काढला: मुंबई विमानतळ, तारीख, लेन्सचं नाव, क्रमांक, शिक्का. सोबत त्या पोराच्या हाताचा फोटो दिला, मूळ फाइल. तिच्या माहितीत बॉडीचा सिरियल नंबर, लेन्सचं नाव आणि वेळ आपोआप नोंदलेली असते. १२ वाजून ४७ मिनिटं. चोरीच्या आधी पाऊण तास.

दुसरा प्रश्न अवघड होता. बॅग बेवारस सोडली होती का? पॉलिसीत बेवारस वस्तूची चोरी वगळलेली असते. यावर तीन आठवडे पत्रं चालली. तक्रारीतलं वाक्य तेवढं माझ्या बाजूने होतं: बॅग पायांमध्ये, दुसऱ्या माणसाने लक्ष विचलित केलं, अंतर एक पाऊल. मी सर्व्हेअरना फोनवर तेच सांगितलं जे पोलिसांना सांगितलं होतं, आणि दोन्हीत फरक नाही हे त्यांनी स्वतः बोलून दाखवलं. १ लाख ९८ हजारांच्या बिलावर घसारा आणि ठरलेली वजावट जाऊन १ लाख ५१ हजार जानेवारीत खात्यात जमा झाले.

आता माझी पद्धत बदलली आहे. कॅमेऱ्याची म्हणून ओळखू येणारी बॅग मी वापरत नाही. साध्या कापडी सॅकमध्ये आत गादीचा कप्पा बसवला आहे. चेनच्या दोन्ही टोकांना छोटी कडी लावते. उघडायला दहा सेकंद जास्त लागतात, पण लागू देत. कार्डं रोज रात्री रिकामी होतात. कपड्यावर काही सांडलं, कुणी नकाशा पुढे केला, पायाशी नाणी पडली, तर आधी बॅग दोन्ही हातांनी छातीशी आणि मग बाकीचं. मदत करणाऱ्या दहांतले नऊ खरे असतात, त्यांना ओशाळं वाटत असेल, याचं मला वाईट वाटतं. पण बॅग धरून हसतमुखाने 'नको, धन्यवाद' म्हणता येतं.

फेब्रुवारीत नवी लेन्स घेतली. दुकानातून घरी आल्यावर खोका उघडायच्या आधी वही काढली. ह्यांनी चष्मा लावला, लेन्स खिडकीपाशी नेली आणि क्रमांक वाचायला लागले. शेवटचे चार आकडे मी त्यांना पुन्हा वाचायला लावले.