उन्हातला सेल

भाचा दुबईला परत गेला आणि त्याचं ते धुराचं पेन, ई-सिगारेट म्हणतात ते, आमच्या टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये राहिलं. बोटाएवढं काळं नळकांडं, एक बटण, टोकाला आटे. दाबलं तर लागेना, चार्जरला फिरवून लावलं तर चार्जरचा हिरवा दिवा लाल होईना. आता मी सिगारेट ओढत नाही, विडी नाही, साधी सुपारीही खात नाही. पण बिघडलेली वस्तू घरात आहे म्हटलं की दुपारची झोप लागत नाही. हा रोग आमच्या अप्पांकडून आलेला.

बेळगावच्या खडेबाजारात मोबाइल दुरुस्त करणारा पोरगा ओळखीचा. त्यानं ते हातात घेतलं, रस्त्याकडं बघितलं आणि माझ्याच खिशात परत सरकवलं. "काका, हे इथं नका दाखवू की." बरोबर होतं त्याचं. ई-सिगारेटची विक्री आणि आयात देशभर २०१९ पासून बंद, आणि कर्नाटकानं तर २०१६ लाच बंद केलेली. तिकडं निपाणीत तंबाखूच्या वखारी मात्र उघड्या. असो.

निपाणी आमचं आजोळ. डोळे मिटून बसलो तरी गाव आलं हे नाकाला कळायचं, पहिली शिंक स्टँडवरच. आज्जी सोप्यात मांडीवर सूप घेऊन बसलेली. तेंदूचं पान कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा आणि तोंड अंगठ्याच्या नखानं आत दुमडायचं. बोलणं शेजारणीशी, हाताकडं लक्षच नाही. हिशेब हजारावर. १९८१ ला तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी हायवे अडवला, पुढं गोळीबार झाला. मला आठवतं ते एवढंच, की गाड्या बंद म्हणून आज्जीकडं जास्त दिवस राहायला मिळालं आणि कैऱ्या खाऊन दात आंबले. विडीला बॅटरी लागते असं तिला सांगितलं असतं तर तिनं एकच विचारलं असतं, "हजाराला किती देत्यात?"

अप्पांची बॅटरी म्हणजे तीन सेलची, पितळी. उजेड पिवळा पडला की सेल कौलांवर उन्हात. संध्याकाळी तेवढ्यानं भागलं नाही तर दातानं चावायचे. आमच्या घरातल्या सेलांवर अप्पांच्या दातांचे ठसे असायचे, त्यावरून नवा कुठला आणि जुना कुठला ते कळायचं.

तर सांगायचं म्हणजे, मीही ते पेन गच्चीवर वाळत घातलं. कुरडयांच्या शेजारी.

त्याच दुपारी भाच्याचा व्हिडिओ कॉल. मी कौतुकानं फोन फिरवून दाखवला.

"मामा! उचला ते आधी! लिथियम आहे, उन्हात ठेवतात होय? फुटेल!"

चावायचा विचार होता, हे त्याला सांगितलं नाही.

मग त्यानं खरा इलाज सांगितला. वरची रसाची टाकी फार आवळली की आट्यांमधली टाचणी आत दबते, टेकत नाही, म्हणून चार्ज होत नाही. ती हलकेच वर उचलायची. लोखंडी सुई नको, टाचणीला आणि कडेला एकदम टेकली तर शॉर्ट. अशा वेळी आज्जीचं नख हवं होतं. माझी नखं रविवारीच कापलेली. शेवटी देवघरातून विझलेल्या उदबत्तीची काडी आणली, चष्मा कपाळावर चढवला आणि अर्धा तास खाली मान.

"काय करालाय ओ?" बायको दारातून.

"काही नाही. दात कोरतोय."

चार्जरला लावलं, लाल. इतका आनंद मला रिटायरमेंटच्या फंडाचाही झाला नव्हता. संध्याकाळी हिरवा झाला. काढून बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा फोन.

"लॉक असेल मामा. पटपट पाच वेळा दाबा."

पाच वेळा दाबलं. बटणाखाली पांढरा दिवा लुकलुकला. मग दाबून धरलं तर नुसताच जळत राहिला, कारण टाकी तो दुबईलाच घेऊन गेला होता. धूर यायला काही नव्हतंच.

"पेटली?" बायकोनं विचारलं. म्हणजे तिला सगळं ठाऊक होतं.

"पेटली."

"मग आता?"

परत पाच वेळा दाबून बंद केली. अप्पांची बॅटरी ठेवलीय त्याच खणात टाकली. तिच्यात सेल नाहीत, काचही फुटलेली. उद्या दुपारी बघायला हवी.