चाळीस टक्के

तिसरी राऊंड संपली तेव्हा साताऱ्याहून आलेल्या आठवीतल्या त्या मुलाच्या नावापुढे शून्य गुण होते आणि माझा कर्सर 'ड्रॉप'च्या बटणावर होता. तीन पराभवांनंतर बरेच जण निघून जातात. मी सोबत आलेल्या आजोबांना म्हणालो, "घरी लवकर निघायचं असेल तर नाव काढतो, काही हरकत नाही."

आजोबांनी विचारलं, "हरला की जावंच लागतं का?"

"नाही, पाचही राऊंड खेळता येतात."

"मग खेळेल की. पाचाचे पैसे भरलेत."

मुलगा काहीच बोलला नाही. डेक पिसत बसला होता. मी बटणावरून हात काढला.

'मॅजिक: द गॅदरिंग' या पत्त्यांच्या खेळाच्या स्थानिक स्पर्धा मी पुण्यात गेली काही वर्षं घेतोय. जज मीच, पेअरिंग लावणारा मीच, निकालाचा कागद चिकटवणाराही मीच. त्या रविवारी चोवीस खेळाडू होते आणि फॉरमॅट होता पॉपर, म्हणजे डेकमध्ये फक्त कॉमन, सहज मिळणारी कार्डं. कॉलेजच्या मुलांना आणि शाळकरी पोरांना परवडणारा हाच प्रकार आहे, म्हणून मला तो मनापासून आवडतो. पाच राऊंड स्विस, मग पहिल्या आठांची बाद फेरी.

स्विस पद्धत बुद्धिबळातून आली, १८९५ साली झुरिकच्या स्पर्धेतून. कुणी बाद होत नाही. प्रत्येक राऊंडला साधारण सारखे गुण असलेल्यांची गाठ पडते. जिंकलं की तीन गुण, बरोबरीला एक. गुण सारखे झाले की पहिला टायब्रेकर असतो प्रतिस्पर्ध्यांच्या विजयाच्या टक्केवारीची सरासरी. तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी दिवसभरात किती कमावलं, यावर तुमची जागा ठरते. कुणी फारच कमी कमावलं असेल तर त्याचे तेहतीस टक्के धरले जातात, त्याखाली नाही.

त्या मुलाचा डेक लाल होता. दुसऱ्या राऊंडला मी त्याच्या टेबलापाशी उभा होतो. समोरच्याचं आयुष्य तीनवर आलेलं, याच्या हातात 'लाइटनिंग बोल्ट'. एका लाल 'माना'चं (कार्ड खेळायला लागणाऱ्या शक्तीचं) कार्ड, तीन डॅमेज, थेट खेळाडूवरही टाकता येतं. गेम तिथेच संपला असता. त्याने बोल्ट टाकला तो समोरच्याच्या प्राण्याच्या कार्डावर, आणि दोन टर्ननंतर तो हरला. मॅच चालू असताना जजने खेळाबद्दल एक शब्दही सुचवायचा नसतो. नियम योग्य आहे, पण त्या वेळी गप्प उभं राहणं मला फार जड गेलं. मॅच संपल्यावर त्याला बाजूला घेतलं आणि सांगितलं, "बोल्ट हातात आला की आधी समोरच्याचं आयुष्य बघ, मग टेबल." त्याने मान हलवली. तिसरी राऊंडही तो हरलाच.

चौथी मात्र तो जिंकला, दोन-शून्य.

पाचव्या राऊंडला पन्नास मिनिटं संपली तेव्हा हॉलमध्ये एकच टेबल चालू होतं, त्याचं. एक-एक गेम झालेला, तिसरा अर्धवट. वेळ संपल्यावर चालू टर्न पुरी होते आणि वर पाच टर्न मिळतात. चालू टर्न समोरच्याची होती, म्हणजे पहिली, तिसरी आणि पाचवी याची. मी टर्न मोजायला टेबलावर फासा ठेवला. भोवती घोळका जमला, त्यांनाही मी तोंड बंद ठेवायला सांगितलं. पाचवी टर्न आली. समोरच्याचं आयुष्य सहा, टेबलावर त्याचा एक मोठा प्राणी उभा. मुलाने कार्ड ओढलं. एक बोल्ट त्याने मघापासून राखून ठेवला होता, हा दुसरा. त्याने समोरच्याच्या आयुष्याचा आकडा पाहिला, ओठ हलवत हिशोब केला आणि दोन्ही बोल्ट तिकडेच टाकले.

स्वारगेटहून गाडी पकडायची होती म्हणून दोघं लगेच निघाले. त्याचा नंबर सतरावा आला होता.

मी स्टँडिंग लावलं. आठव्या जागेवर नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची एक मुलगी होती, नवव्या जागेवर बँकेत नोकरी करणारे आमचे एक जुने खेळाडू. दोघांचे नऊ गुण. बँकवाले माझ्याकडे आले, "एकदा तपासशील का?" हा त्यांचा हक्कच होता. मी कागद घेतला आणि त्यांच्यासमोर बसून मांडलं.

त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ५८.६७. तिच्या प्रतिस्पर्ध्यांचे टक्के ऐंशी, साठ, साठ, साठ आणि चाळीस. सरासरी बरोबर साठ.

"हा चाळीसवाला कोण?"

पहिल्या राऊंडला तिने त्या साताऱ्याच्या मुलाला हरवलं होतं. पाचांत दोन विजय, पंधरांत सहा गुण, चाळीस टक्के. तो तीन राऊंडनंतर गेला असता तर त्याचे तेहतीस धरले गेले असते आणि तिची सरासरी ५८.६० झाली असती. शेवटची मॅच बरोबरीत सुटली असती तरी पंधरांत चारच गुण, म्हणजे पुन्हा तेहतीसच.

"म्हणजे तो घरी गेला असता तर मी आठवा?"

तो गेला असता तर खेळाडू तेवीस उरले असते, कुणाला तरी बाय, म्हणजे न खेळताच विजय मिळाला असता आणि पुढच्या जोड्याही बदलल्या असत्या, त्यामुळे छातीठोक सांगता येत नव्हतं. पण मी म्हणालो, "बहुतेक हो." ते कागदाकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्यांनी त्या मुलीला शुभेच्छा दिल्या आणि तिची क्वार्टर फायनल बघायला खुर्ची ओढून बसले.

संध्याकाळी आजोबांचा फोन आला. गाडी खंबाटकी घाटात होती, आवाज तुटत होता. निकाल अजून आला नाही म्हणत होते. मी त्यांना चाळीस टक्क्यांचा सगळा हिशोब सांगितला. ते म्हणाले, "थांबा, हे त्यालाच सांगा," आणि फोन त्याच्याकडे दिला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"मग ती ताई जिंकली का?"

"नाही रे, क्वार्टरला हरली. पहिल्या नंबरवाल्याशी गाठ होती."

"किती-किती?"

"दोन-एक."

"एक गेम घेतला तिने!" तो ओरडला, आणि लाइन कट झाली.